एसएसडी घ्यायच्या आधी मागचं झाकण उघडा

भाऊ, दारव्ह्याजवळच्या गावात तुमचं सेवा केंद्र, पाच वर्षं जुना स्वस्तातला लॅपटॉप, एक टीबीची हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच सहा मिनिटं, आणि पीक विम्याचे फॉर्म भरायला आलेले लोक बाकावर ताटकळून राहिले. नवा घ्यावा की एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) टाकून भागेल, असं विचारलंत. भागेल. पण आधी मागचं झाकण उघडून पाहा, मगच पैसे काढा. शहरात चुकीची वस्तू आली तर माणूस संध्याकाळी बदलून आणतो. आपल्याला यवतमाळची एक चक्कर म्हणजे अख्खा दिवस केंद्र बंद.

एक टीबीची डिस्क म्हणजे बहुतेक अडीच इंची साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत). तिच्या जागी ७ मिमी जाडीची साटा एसएसडी सरळ बसते. शेजारी एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच दिसली तर मात्र सावध राहा. काही स्वस्त मॉडेलांत ती खाच फक्त साटा ओळखते. मी एकदा एका गिऱ्हाइकासाठी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) आणली. खाचेत नीट बसली, स्क्रूही लागला, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसलीच नाही. परत नागपूर गाठावं लागलं. लांबीही मोजा, ४२ आणि ८० मिमी अशा दोन्ही मिळतात. आणि ज्यांच्याकडे ३२ किंवा ६४ जीबीचे अगदी स्वस्त लॅपटॉप आहेत त्यांच्यासाठी: त्यात ईएमएमसी (साठवणीची चिप) बहुधा बोर्डालाच सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही.

एनव्हीएमईच्या आकड्यांना भुलू नका. ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी ५०० च्या आसपास. पण खरा फरक बारीक फायलींत पडतो. डिस्कचं हेड थाळीवर दर वेळी नव्या जागी जातं, एसएसडीत फिरणारं काहीच नाही. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली लागतात, म्हणून तुमची सहा मिनिटं जातात. फॉर्म भरायला साटा पुष्कळ झाली. वाचलेल्या पैशांत रॅम ४ ची ८ जीबी करा, जागा असेल तर.

दोन टीबीची एसएसडी हजार रुपयांत म्हणून जी विकतात, ती घेऊ नका. आत भलतंच असतं, दाखवते दोन टीबी आणि थोडं भरलं की फायली सडतात.

आता डेटा, कारण त्यात लोकांची कागदपत्रं आहेत. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर लावून डिस्कची तब्येत बघा. पिवळा इशारा आला तर बाकी सगळं सोडून पहिल्यांदा फायली बाहेर काढा. ४८० जीबीची एसएसडी घेणार असाल तर क्लोनझिलासाठी (जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवणारं सॉफ्टवेअर) ती जुन्या डिस्कपेक्षा लहान पडते, म्हणून मी नव्याने विंडोज टाकायला सांगेन. परवाना साधारणपणे बोर्डाशी जोडलेला असतो, नेट लागलं की आपोआप सुरू होतो. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा मशीन चालवत असेल तर ११ च टाका. बिटलॉकर (डिस्कला लावायचं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. ब्राउझरमधले पासवर्ड आणि फॉन्टचं फोल्डर हमखास राहून जातं. कृतिदेव या फॉन्टमधले जुने अर्ज मग वाचता येत नाहीत बाप्पा. बोटाच्या मशीनचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं ड्रायव्हर पुन्हा टाकावं लागेल, ते आधीच उतरवून ठेवा.

२०० जीबी काढायला हिशेबाने अर्धा-पाऊण तास, प्रत्यक्षात दुप्पट धरा. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरवर करा, लाईन मध्येच गेली तर सगळं पहिल्यापासून. झाकण खोलल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते, अंगातली स्थिर वीज चिप जाळू शकते. म्हणून सुती कपडे घाला आणि हात आधी लोखंडी खिडकीला लावा.

जुनी डिस्क केसिंगमध्ये (यूएसबीने बाहेरून जोडायच्या डबीत) घालून कपाटात ठेवा, महिनाभर काही पुसू नका. मॉडेल नंबर आणि आतला फोटो टाका, खाच कोणती ते पाहून सांगतो.