शफलवर जे लागेल त्यावर लिही

प्रिय दोस्ता,

शफलवर, म्हणजे फोनने क्रम न पाहता कशीही लावलेल्या गाण्यांवर, तू लिहिलेल्या टिपा वाचल्या आणि पहिलं मनात आलं ते हे की ही गाणी शफलने काढलेली नाहीत, तू निवडलीयेस. लहानपणी जाम आवडायचं पण आता कुणासमोर लावायची लाज वाटते असं एकही गाणं नाही त्यात, असं कसं होईल? मधली नेक्स्ट केलीस ना? ते बंद कर. ज्या गाण्याला हात आपोआप नेक्स्टकडे जातो ना, लिहिण्यासारखं बहुतेक त्याच्यातच असतं, ते कधीपासून नकोसं झालं, आणि नकोसं झालं तरी शब्द न् शब्द अजून पाठ कसा.

एकाच गायकाची दोन-तीन गाणी लागोपाठ आली तर शफल बिघडलाय असं समजू नको, खऱ्या रँडममध्ये असे घोळके होतातच. स्पॉटिफायने तर 2014 मध्ये सांगूनच टाकलं की आधीचा शफल खरंच रँडम होता पण लोकांना तो तसा वाटेना, म्हणून एका कलाकाराची गाणी मुद्दाम पांगवायला लागलो. मला विचारशील तर घोळका आलेला चांगला, तोच आवाज आधी कोवळा आणि लगेच पुढच्या गाण्यात थकलेला ऐकू येतो, हे आपण ठरवून कधी लावलं नसतं.

शेजारी कोणतं गाणं आलं ते लिहीतच जा. जुन्या रेकॉर्डिंगनंतर नवीन लागलं की एकदम अंगावर येतं, कारण नव्वदच्या दशकात मास्टरिंग, म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, जास्तीत जास्त मोठ्या आवाजात करायची चढाओढ लागली होती. अशा वेळी व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी साधारण सारख्या आवाजात लावणारं सेटिंग) चालू करून दोन्ही परत ऐक आणि मगच मत दे, नाहीतर मोठा आवाज म्हणजे भारी गाणं असं वाटून जातं आणि बिचारं जुनं गाणं उगाच मागे पडतं. आणि जुनं गाणं पटकन संपलं म्हणून अर्धवट वाटलं तर हे लक्षात ठेव की 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 वेळा फिरणाऱ्या, दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण 3 मिनिटंच मावायची, मुखडा-अंतरे सगळं तेवढ्यात बसवलंय, ते कसं बसवलंय यावरच पानभर लिहिता येईल.

फाईलमधल्या सालावर विश्वास ठेवू नको हं, बऱ्याचदा ते नंतर निघालेल्या कलेक्शनचं किंवा रीमास्टरचं, म्हणजे जुनंच रेकॉर्डिंग नव्याने सुधारून काढलेल्याचं, असतं. पण साल, गीतकार, वादक हे सगळं नंतर शोध. आधी गाणं पूर्ण ऐक, फोन उलटा ठेव, आणि कानाला जे लागलं ते लिही, मागे हळूच येणारी बासरी असेल, दुसऱ्या अंतऱ्याआधी घेतलेला श्वास असेल. माहिती कुणालाही मिळते रे, तुला काय ऐकू आलं ते मला तुझ्याकडूनच कळणार.

पुढची दहा लागली त्याच क्रमाने पाठव. कंटाळवाणं असेल त्याला एक ओळ पुरे, पण गाळू नको.