ॲसिडने संगमरवर खाल्ला, भरपाई मिळेल का?

प्रश्न : आम्ही मुंबईला राहतो, गावचं घर गुहागरला. गणपतीआधी बाथरूमच्या संगमरवरी भिंतीवरचा साबणाचा पांढरा थर काढायला एका सफाईवाल्याला साडेसहा हजार रुपये दिले. त्याने ॲसिड मारलं. थर गेला, पण दगडाची चमकही गेली. तो म्हणतो, "हे तुमचे जुनेच डाग." शिवाय काम झाल्यावर दिलेल्या पावतीवर 'नुकसानीस जबाबदार नाही' असं छापलंय. काय करावं?

उत्तर : सर्वात आधी, कोणी कितीही सांगितलं तरी त्या भिंतीला लिंबू, व्हिनेगर किंवा आमसुलाचं पाणी लावू नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, कुठलंही आम्ल त्याला खातं. उद्या समोरची बाजू 'तुमच्याच लिंबाने झालं' म्हणायला मोकळी होईल. पुरावा हाती येईपर्यंत पॉलिशही करून घेऊ नका.

खरा वाद एवढाच आहे की आज दिसतोय तो साबणाचा थर की खाल्लेला दगड. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन बसलेला थर दगडासाठीच्या आम्लरहित क्लीनरने निघतो. खाल्लेला दगड कशानेही पूर्ववत होत नाही, तो पुन्हा घासूनच पॉलिश करावा लागतो. म्हणून तळहाताएवढ्या जागेवर असा क्लीनर बाटलीवर दिलेल्या वेळेपुरता ठेवा, मऊ ब्रशने घासा, धुवा, कोरडं पुसा आणि या सगळ्याचा सलग व्हिडिओ घ्या. मग नळामागची गोल चकती सरकवा. तिच्याखालचा दगड आणि शेजारचा दगड एकाच फोटोत आला पाहिजे. चकतीखाली चमक शाबूत आणि बाहेर क्लीनर लावूनही मंदच, असं दिसलं तर 'जुनेच डाग' हा बचाव लंगडा पडतो. खाली ओघळलेल्या रेषा, लाद्यांच्या सांध्यांतलं झिजलेलं सिमेंट यांचेही फोटो घ्या. ॲसिडचा कॅन मागे राहिला असेल तर लेबलसकट जपून ठेवा.

दगड पॉलिश करणाऱ्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात किती चौरस फूट, काय दर आणि नुकसानीचं कारण हे तिन्ही हवं. मग स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा.

पावतीवरच्या ओळीला घाबरू नका. काम संपल्यावर हातात दिलेली छापील ओळ म्हणजे आधी ठरलेला करार नव्हे.

उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करा. मुदत 2 वर्षं. मोजलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असल्याने फी लागत नाही. तुम्ही राहता तिथे, म्हणजे मुंबईतही दाखल करता येईल. पण माझं मत रत्नागिरीचं. भिंत तिथे, साक्षीदार तिथे, पाहणीची वेळ आली तरी सोपं जाईल. पुरावा प्रतिज्ञापत्रावर द्यायचा असतो. व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा. मागणीत दुरुस्तीचा खर्च, दिलेले पैसे, मनस्ताप आणि दाव्याचा खर्च वेगवेगळा मांडा.

मे महिन्यात त्या घरातल्या खोल्या पर्यटकांना देत असाल, तर ते वकिलाला आधीच सांगा. व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या सेवेला हा कायदा लागत नाही आणि समोरचा पहिला आक्षेप तोच घेईल. तो टिकला तर दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा करावा लागेल.