'कथित आरोपी' : बातमीतला एक अनावश्यक शब्द

मुंबईत पत्रकारितेचा अभ्यासक्रम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, माध्यमविषयक कायद्याच्या तासाला चालू बातम्या तपासताना 'कथित आरोपी' हा प्रयोग वारंवार आढळतो; तो भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे का, आणि 'कथित' हा शब्द घातला की बातमीदार बदनामीच्या खटल्यापासून सुरक्षित राहतो, ही समजूत खरी आहे का? नमुना म्हणून तिने पुढील वाक्य दिले आहे : 'कुर्ल्यातील सराफाच्या दुकानातून दागिने चोरणाऱ्या कथित आरोपीला पोलिसांनी अटक केली असून त्याने गुन्ह्याची कबुली दिली आहे.'

माझ्या मते हा प्रयोग सदोष आहे आणि त्याने संरक्षणही मिळत नाही. 'कथ्' धातूपासून आलेल्या 'कथित' या शब्दाचा अर्थ 'सांगितलेले, म्हटले गेलेले' असा आहे. त्यामुळे 'कथित आरोपी' म्हणजे 'ज्याच्यावर आरोप आहे असे म्हटले जाते तो', असा अर्थ होतो. परंतु आरोप असण्याबद्दल येथे शंकाच नाही. पोलिसांनी त्या माणसाला चोरीच्या आरोपावरून अटक केली आहे, म्हणजे तो आरोपी आहेच. शंका आहे ती त्याने चोरी केली की नाही याबद्दल, आणि नेमक्या त्याच ठिकाणी या वाक्यात 'चोरणाऱ्या' हे धातुसाधित विशेषण निःशंकपणे बसले आहे. सावधगिरीचा शब्द निरुपद्रवी नामाला चिकटवायचा आणि कृती मात्र सिद्ध झाल्यासारखी सांगून टाकायची, असा हा उलटा प्रकार आहे. वाचकाच्या मनात 'चोरणारा' हाच शब्द राहतो.

'आरोपी', 'दोषी' आणि 'गुन्हेगार' हे तीन शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी सर्रास येतात, म्हणून त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. 'दोषी' म्हणजे ज्याच्या ठायी दोष आहे तो. 'आरोपी' म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. प्रत्यय एकच असला तरी पहिल्या शब्दातली गोष्ट माणसाच्या आतली आहे आणि दुसऱ्यातली बाहेरून आलेली. 'गुन्हेगार' तर आणखी पुढे जातो, कारण फारसीतून आलेला 'गार' हा प्रत्यय मराठीला करणाऱ्याचा वाचक म्हणून ओळखीचा आहे. ज्याला 'गुन्हेगार' म्हटले त्याने गुन्हा केला, एवढे विधान त्या एका शब्दातच पूर्ण होते. म्हणून न्यायालयाने दोषी ठरवण्यापूर्वी हा शब्द वापरू नये. 'सराईत गुन्हेगार' हे पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातले लाडके विशेषणही, पूर्वीच्या शिक्षेची खात्री करून घेतल्याशिवाय, जसेच्या तसे उचलू नये.

'पण पुरावा कॅमेऱ्यात दिसत असेल तर?' असा प्रश्न येथे हमखास येतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटला यासाठी आठवावा. हातात बंदूक घेतलेल्या कसाबचे छायाचित्र जगाने पाहिले होते, तरीही मुंबईतील विशेष न्यायालयात तो आरोपीच होता आणि दोषी ठरला ३ मे २०१० रोजी. त्याच निकालात त्याच्याबरोबरच्या दोन भारतीय सहआरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली आणि पुढे उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयातही ती कायम राहिली. निकालाच्या आदल्या दिवशी तिघांनाही लागू पडणारा शब्द एकच होता, 'आरोपी'. आणि तो वापरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तिघांपैकी कोणाबद्दलही खुलासा छापावा लागला नसता.

आता 'कबुली'. नमुना वाक्यातला हा शब्द मला 'कथित'पेक्षाही घातक वाटतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम २५ व २६ चा हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये कायम आहे, आणि आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली तर तेवढ्यापुरता अपवाद आहे. दंडाधिकाऱ्यांपुढे रीतसर नोंदवलेल्या कबुलीजबाबाची गोष्ट वेगळी. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनाविरुद्धच्या याचिकांवर मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने १८ जानेवारी २०२१ रोजी दिलेल्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने हाच मुद्दा घेतला आहे : आरोपीची कथित कबुली हा जणू ग्राह्य पुरावाच आहे असे भासवून, कायदा काय सांगतो हे लोकांना न कळवता, ती प्रसिद्ध करणे माध्यमांनी टाळावे. (येथे 'कथित' योग्य आहे, कारण कबुली दिली गेली की नाही हेच वादाचे असते.) तपास चालू असताना चालवलेला 'माध्यम खटला', म्हणजे माध्यमांनीच दोषी कोण ते ठरवून टाकणे, न्यायदानात अडथळा आणणारे असून ते न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ खाली अवमान ठरू शकतो, असेही त्या निकालात म्हटले आहे.

बदनामीबाबत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ आणि ५०० च्या जागी, 'कथित' लिहिल्यास सूट असा अपवाद नाही. मजकुराने त्या माणसाच्या लौकिकाला धक्का बसतो का, हे पाहिले जाते, आणि दुसऱ्याचे म्हणणे आपण केवळ पुन्हा छापले, एवढ्याने सुटका होत नाही. अपवाद आहे तो न्यायालयाच्या कामकाजाच्या वस्तुतः खऱ्या वृत्तान्ताला. त्यामुळे 'सरकारी वकिलांनी रिमांडच्या वेळी न्यायालयात सांगितले' हे शब्द, ते खरोखर तसे सांगितले गेले असतील तर, दहा 'कथित' शब्दांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

शिवाय मराठीला दुसऱ्याचे म्हणणे दुसऱ्याच्याच तोंडी ठेवण्याची सोय क्रियापदातच आहे. 'चोरल्याचा आरोप आहे', 'चोरल्याचे फिर्यादीत म्हटले आहे', 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' अशा रचनांत कोण म्हणते तेही कळते, जे 'कथित' कधीच सांगत नाही. 'कथित गैरव्यवहार', 'कथित लाच' हे प्रयोग मात्र ठीक आहेत, कारण तेथे घटना घडली की नाही हाच वाद असतो. 'तथाकथित' त्या जागी चालणार नाही; त्यात उपरोध आहे. 'संशयित आरोपी' ही जोडीही विसंगत आहे. पोलिसांना नुसता संशय असेल तर 'संशयित' आणि गुन्ह्यात नाव आले की 'आरोपी'. 'कथित पीडिता' ऐवजी 'तक्रारदार महिला' लिहावे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील देण्यास न्याय संहितेच्या कलम ७२ ची मनाई आहे, हे तर शब्दाच्याही आधी पाहावे.

विद्यार्थिनीचे वाक्य मी असे लिहीन : 'कुर्ल्यातील सराफाच्या दुकानातून दागिने चोरल्याच्या आरोपावरून पोलिसांनी एकाला अटक केली आहे.' कबुलीचा भाग गाळलाच. मथळ्यात जागा कमी असते ही सबब 'कथित'साठी नेहमी दिली जाते, पण 'कुर्ल्यातील चोरीप्रकरणी एकाला अटक' हा मथळा तर आणखी आखूड आहे. यातला 'प्रकरणी' माणसाला प्रकरणाशी जोडतो आणि कृत्याचा प्रश्न न्यायालयासाठी मोकळा ठेवतो.