हवामान बदल शिकवताना वर्गात माहितीपट दाखवून खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की दीड तासाचा माहितीपट दाखवलात, मुलं अगदी गुंगून बघत होती, आणि नंतरच्या चाचणीत "कार्बन डायऑक्साइडमुळे तापमान का वाढतं?" याचं उत्तर मात्र चौघापाचांनाच जमलं. मग एवढा खटाटोप कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. माझं म्हणणं: दाखवा, पण अख्खा दाखवू नका.

मी विज्ञान शिकवते आणि माझीही सुरुवात अशीच झाली होती. पहिल्या वर्षी पूर्ण चित्रपट लावला, दिवे घालवले आणि मागच्या बाकावर वह्या तपासत बसले. (खोटं कशाला बोलू, मला तेवढीच विश्रांती मिळाली होती.) दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात कोरी चिठ्ठी दिली आणि तापमान का वाढतंय ते दोन ओळींत लिहायला सांगितलं. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर ओझोनला पडलेलं भोक! चित्रपटात त्याचं नावही नव्हतं. मुलांनी बर्फ कोसळताना पाहिला आणि डोक्यात आधीपासून पडून असलेलं चुकीचं कारण त्याला चिकटवून टाकलं.

यात मुलांची चूक नाही. कोसळता कडा, भेगाळलेली जमीन, पांढरी पडलेली प्रवाळं हे सगळं कॅमेऱ्यात येतं. जमिनीतून निघालेले अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, कार्बन डायऑक्साइडचे रेणू शोषून घेतात आणि पुन्हा सगळ्या दिशांना सोडतात, हे कॅमेऱ्यात कसं आणणार? म्हणून बहुतेक माहितीपट तिथे अर्ध्या मिनिटाचं ॲनिमेशन टाकून मोकळे होतात. पृथ्वीभोवती काचेसारखं कवच आणि त्यावर आपटून परत येणारे बाण. मुलांना ते कवच खरंच आहे असं वाटतं. एकाने मला विचारलं होतं, "मग रॉकेट त्यातून बाहेर कसं जातं?" रास्त प्रश्न होता.

ही उणीव भरून काढणारी एक छोटी चित्रफीत आहे. एका लांब नळीच्या एका टोकाला पेटती मेणबत्ती, दुसऱ्या टोकाला हे उष्णतेचे किरण टिपणारा थर्मल कॅमेरा. पडद्यावर ज्योत झगझगीत दिसते. मग नळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की पडद्यावरची ज्योत हळूहळू विरून जाते. मेणबत्ती मात्र विझलेली नसते, साध्या डोळ्यांना ती जळताना दिसतच असते. म्हणजे दृश्य प्रकाश आरपार जातोय आणि उष्णतेचे किरण वाटेत अडताहेत. शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये उपकरणांनी मोजून दाखवलं होतं की ऑक्सिजन आणि नायट्रोजन उष्णतेला जवळजवळ अडवत नाहीत, पण पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात. ते इथे मिनिटभरात डोळ्यांसमोर घडतं. वर्गात हा प्रयोग करणं तुम्हाला-मला शक्य नाही. माहितीपट वापरायचा तो अशा गोष्टींसाठी.

(जाता जाता: एका बाटलीत हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड भरून दोन्ही दिव्याखाली ठेवायच्या आणि थर्मामीटरने तापमान मोजायचं, हा लोकप्रिय प्रयोग मी बंद केला आहे. त्यात तापमान वाढतं ते बरंचसं जड वायूमुळे बाटलीतलं अभिसरण, म्हणजे वायूचं वर-खाली फिरणं, मंदावतं म्हणून. निकाल हवा तसा येतो, पण भलत्याच कारणाने.)

आता कोसळणाऱ्या बर्फाकडे येते, कारण मुलांना तेच बघायचं असतं. 'चेसिंग आइस' (२०१२) या माहितीपटात ग्रीनलंडमधल्या इलुलिसाट हिमनदीचा कडा तुटतानाचं चित्रण आहे. २८ मे २००८ ला सुमारे ७५ मिनिटं ती हिमनदी तुटत होती आणि अंदाजे ७.४ घन किलोमीटर बर्फ सुटा झाला. ही चार-पाच मिनिटं मी आवाज पूर्ण बंद करून दाखवते आणि विचारते, हा तुकडा केवढा असेल? कोणी शाळेच्या इमारतीएवढा म्हणतं, कोणी टेकडीएवढा. चौकटीत ना झाड, ना माणूस, त्यामुळे अंदाज बांधायला आधारच नसतो. माहितीपट तिथे न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचा आकार बर्फावर ठेवून दाखवतो, पण ज्याने मॅनहॅटन पाहिलं नाही त्याला त्यातून काय कळणार? त्याऐवजी फळ्यावर गणित मांडा. ७.४ घन किमी बर्फ एक मीटर जाडीने पसरला तर किती जागा व्यापेल? ७,४०० चौरस किमी. मग आपल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ मुलं आपणच शोधायला लागतात.

त्यानंतर तोच तुकडा आवाजासकट लावायचा. संगीत सुरू झाल्यावर आपल्याला काय झालं ते मुलं फार प्रामाणिकपणे सांगतात. एक मुलगी म्हणाली, "आधी मी मोजत होते, आता मला रडू येतंय." तेवढ्यावर अर्धा तास चर्चा झाली.

मग खरा प्रश्न: हा कडा कोसळला म्हणजे तापमानवाढ सिद्ध झाली का? सगळे एका सुरात "हो" म्हणतात. तर नाही. समुद्राला भिडणाऱ्या हिमनदीचे कडे हवामान स्थिर असलं तरी तुटतातच, मागून बर्फ येत राहतो. पुरावा आहे तो वर्षानुवर्षं मागे सरकण्यात, आणि तो त्याच माहितीपटात आहे, फक्त कमी थरारक: १९०२ ते २००१ या काळात ही हिमनदी सुमारे १३ किमी मागे गेली आणि पुढच्या दहाएक वर्षांतच सुमारे १४ किमी. हे दोन आकडे मी आलेखावर काढायला लावते.

याच हिमनदीची पुढची गोष्ट मात्र चित्रपटात नाही, कारण तो २०१२ मध्ये संपतो. २०१६ नंतर तिचा वेग काही वर्षं मंदावला आणि ती थोडी पुढेही सरकली, कारण तिच्या तोंडाशी येणारं समुद्राचं पाणी तेवढ्या काळापुरतं थंड झालं होतं. हे सांगितलं की कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे चित्रपट खोटा?" त्या क्षणाची मी वाटच बघत असते. एक हिमनदी आणि अख्ख्या ग्रीनलंडचा बर्फ यात फरक काय, आणि संपूर्ण बर्फाची घट चालूच असताना एखादी हिमनदी पुढे कशी सरकू शकते, यावर मुलं जेवढं भांडतात तेवढी ती माझ्या कुठल्याच व्याख्यानावर भांडलेली नाहीत.

अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या 'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ' (२००६) या माहितीपटाबद्दलही विचारलंय तुम्ही. जुना झालाय, तरी मी त्यातले दोन तुकडे अजून वापरते, आणि तेही त्यांतल्या खोटीसाठी. इंग्लंडमध्ये हा चित्रपट सरकारने माध्यमिक शाळांना पाठवला तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २००७ मध्ये न्यायमूर्ती बर्टन यांनी म्हटलं की मूळ वैज्ञानिक मांडणी ढोबळमानाने बरोबर आहे, पण नऊ ठिकाणी ती सर्वमान्य विज्ञानाशी जुळत नाही; शिक्षकांसाठी मार्गदर्शक टिपणं सोबत देऊन दाखवायला हरकत नाही. त्यांतलं एक ठिकाण म्हणजे समुद्र सहा-सात मीटर वाढून शहरं बुडतात ते दृश्य. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर पातळी साधारण तेवढी वाढेल हे खरं, पण त्याला हजारो वर्षं लागतील. चित्रपट काळ सांगतच नाही, म्हणून मुलांना वाटतं की हे येत्या काही वर्षांतच होणार. दुसरं ठिकाण अंटार्क्टिकाच्या बर्फावरून काढलेल्या, जुन्या काळातल्या तापमानाच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाचं. चित्रपट बघून वाटतं की दर वेळी वायू आधी वाढला आणि मग तापमान; तसं नव्हतं. हिमयुग संपताना तिथलं तापमान आधी वाढू लागलं आणि कार्बन डायऑक्साइड नंतर, कारण सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलाने झाली. मग समुद्रातून सुटलेल्या वायूने ती वाढ आणखी पुढे रेटली. आज उलट आहे, आपण वायू आधी सोडतोय. हुशार मुलांना ही गुंतागुंत झेपते. किंबहुना ती लपवली आणि नंतर इंटरनेटवर कोणीतरी "बघा, तुम्हाला फसवलं" असं सांगितलं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

किती वेळ दाखवायचं? एका तासात आठ-दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. दिवे चालू, हातात पेन, आणि दाखवण्याआधीच प्रश्न फळ्यावर. मी बहुतेक वेळा एकच प्रश्न लिहिते: "हे त्यांना कसं कळलं?" 'चेसिंग आइस'मधले छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांच्या चमूने बर्फात रोवलेले कॅमेरे सुरुवातीला टायमरच्या बिघाडामुळे बंद पडले होते, तो भाग या प्रश्नासाठी फार छान आहे. महिनोन्महिने थांबून हाती काहीच आलं नाही, हे बघितल्यावर मुलांना कळतं की आलेखावरचा एकेक ठिपका कोणीतरी थंडीत कुडकुडत मिळवलेला असतो.

तुमच्याकडे एकच तास उरला असेल, तर हिमनद्या सोडून द्या. मेणबत्तीची चित्रफीत दोनदा दाखवा, आणि दुसऱ्यांदा दाखवताना कार्बन डायऑक्साइड सोडण्याच्या आधी थांबवून विचारा की आता काय होईल. माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी म्हणतंच, "ज्योत विझेल." मग पुढचं बघू द्या.