आयरिश अभिनेता पॉल मेस्कल अभिनयाकडे कसा वळला?
१९९६ साली जन्मलेला पॉल मेस्कल आयर्लंडमधील मेनूथ गावात, शिक्षक वडील आणि पोलीस दलातील आई यांच्या घरी वाढला. गेलिक फुटबॉलमध्ये किल्डेअर परगण्याच्या कनिष्ठ संघापर्यंत पोहोचलेल्या या मुलाने जबड्याच्या दुखापतीनंतर खेळ सोडला आणि डब्लिनच्या लिर अकादमीत रीतसर अभिनय शिकून २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले. २०२०ची ‘नॉर्मल पीपल’ ही मालिका म्हणजे पडद्यावरची त्याची पहिलीच मोठी भूमिका. त्यात समुपदेशकासमोर बोलता बोलता त्याने साकारलेल्या कॉनेलचा बांध फुटतो, तो प्रसंग अवश्य पाहावा. हुंदका आवरताना त्याची वाक्ये तुटत जातात आणि रंगभूमीवरची तालीम, माझ्या मते, तिथेच सर्वाधिक जाणवते. ‘आफ्टरसन’ या चित्रपटासाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता.