पक्षाचा अर्ज भरण्याआधी

चि. वकीलबाईंना अनेक आशीर्वाद.

सनद मिळून वर्ष व्हायच्या आत तू डब्लिनमध्ये रिपब्लिकन, म्हणजे आयरिश प्रजासत्ताकवादी, पक्षाचं काम करायचं म्हणतेस. कर. तिथे स्थानिक निवडणुकीला उभं राहायला आयरिश नागरिकत्व लागत नाही, रहिवासी असलं की पुरतं. पण आधी जॉर्ज गॅव्हन डफी वाच.

हा लंडनमधला सॉलिसिटर, म्हणजे खटल्याची तयारी करणारा वकील; कोर्टात बाजू मांडायला बॅरिस्टर लागे. 1916 मध्ये आयरिश स्वातंत्र्यवादी रॉजर केसमेंटवर राजद्रोहाचा खटला भरला, तेव्हा याने वकीलपत्र घेतलं आणि भागीदारांनी याला फर्मबाहेर काढलं. इंग्लिश बॅरिस्टर उभा राहीना. शेवटी डब्लिनहून सार्जंट (ही तिथल्या ज्येष्ठ बॅरिस्टरची पदवी) सलिव्हन आले, तेही मेहुणे. (अडचणीत सासुरवाडीच कामाला येते.) बचाव काय, तर राजद्रोहाच्या 1351च्या नॉर्मन फ्रेंच कायद्यातलं वाक्य नेमकं कुठे तोडायचं! न्यायाधीशांनी रेकॉर्ड ऑफिसात जाऊन मूळ दस्त डोळ्यांखालून घातला. उपयोग झाला नाही. 3 ऑगस्टला केसमेंट फासावर गेला.

डफी आयर्लंडला गेला, 1917 मध्ये तिथे बॅरिस्टर झाला, 1918 मध्ये शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षातर्फे निवडून आला. 1921च्या ब्रिटन-आयर्लंड करारावर त्याची सही आहे, नाखुशीची. मग परराष्ट्रमंत्रिपद. तुझ्या पक्षात कराराबद्दल तावातावाने बोलणारे खूप भेटतील. मला मात्र 1922च्या जुलैतला त्याचा राजीनामा महत्त्वाचा वाटतो. ब्रिटिश कोर्टांना बाजूला सारून दॉलने, म्हणजे आयरिश संसदेने, स्वतःची न्यायालयं उभी केली होती. यादवी पेटल्यावर आपल्याच सरकारने ती गुंडाळली आणि हा मंत्री घरी गेला. घरी जाऊ शकला, कारण वकिली हाताशी होती. पुढे 1946 मध्ये तो हायकोर्टाचा अध्यक्ष झाला.

माझं सांगतो. तरुणपणी एका पक्षाचं काम आणि त्याच्याच एका कार्यकर्त्याची केस मी एकाच वेळी घेतली. प्रतिज्ञापत्राच्या तिसऱ्या मसुद्यात एक परिच्छेद मी खोडला. अशिलाच्या फायद्याचा होता, पक्षाला अडचणीचा. तो बिचारा विश्वासाने सही करून गेला. रात्री झोप लागेना. सकाळी त्याला परत बोलावलं, परिच्छेद घातला, आणि पक्ष कार्यालयातला माझा चहा बंद झाला.

तेव्हा पक्षातल्या माणसाची केस आली तर दुसऱ्या वकिलाकडे पाठव. फी बुडाली तरी चालेल. आणि निवडून आलीस तरी प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेटचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, वार्षिक नूतनीकरण चुकवू नकोस.

प्रचारपत्रक छापलंस की एक इकडे धाड. मराठीत असेल तर शुद्धलेखन मी तपासीन.

तुझा,
काका