वाचकांचे प्रश्न : टेनिसचा विजेता ओळखायचा कसा, आणि चुकला तर?

ग्रँड स्लॅमचा (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीचा) ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, लागला की "कोण जिंकणार ते एका शब्दात सांगा" अशी पत्रे येतात. एका शब्दात सांगता येत नाही. का येत नाही, हे खालच्या उत्तरांतून कळेल. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : मी दर वेळी क्रमवारीतला पहिला खेळाडू निवडतो आणि बहुतेकदा तोंडघशी पडतो. माझे काय चुकते? (सांगली)

निवड चुकत नाही, अपेक्षा चुकते. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि विजेत्याला ७ सामने जिंकावे लागतात. समजा, तुमचा खेळाडू इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ९० टक्के आहे. ०.९ ला सात वेळा गुणा, उत्तर येते जेमतेम ४८ टक्के. प्रत्येक सामन्याला ८५ टक्के धरले तर ३२, आणि ९५ धरले तर ७०. म्हणजे सगळ्यांत बलाढ्य खेळाडूचे नाव घेणारा माणूससुद्धा साधारण निम्म्या वेळा चुकणारच. याला मोठा अपवाद म्हणजे फ्रेंच ओपनमधला, पॅरिसच्या मातीवरचा राफेल नदाल. तिथे त्याने ११२ सामने जिंकले, ४ हरले आणि १४ विजेतेपदे मिळवली. त्याच्या नावापुढे डोळे मिटून मोठा आकडा लिहिता येत होता. असा खेळाडू रोज जन्माला येत नाही.

म्हणून एक नाव लिहू नका. पाच-सहा नावे लिहा, प्रत्येकापुढे टक्के लिहा, शेवटी "इतर" असा एक रकाना ठेवा आणि बेरीज १०० करा. "इतर"ला कोरडे पाच टक्के देऊन वाटेला लावू नका. २००१ मध्ये गोरान इव्हानिसेविच जगात १२५ वा असताना वाइल्ड कार्डावर (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) विम्बल्डन जिंकला. २०२१ मध्ये एमा रादुकानू पात्रता फेरीतून आली आणि दहाच्या दहा सामने एकही सेट न गमावता जिंकून अमेरिकन ओपन घेऊन गेली.

महिलांच्या स्पर्धेत हा रकाना आणखी मोठा हवा. ग्रँड स्लॅममध्ये महिला जास्तीत जास्त तीन सेटचा सामना खेळतात, पुरुष पाचचा. एखाद्या खेळाडूची प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता ७० टक्के असेल, तर तीन सेटच्या सामन्यात ती ७८ टक्के होते आणि पाचच्या सामन्यात ८४. फरक किरकोळ वाटतो. पण सात फेऱ्यांत तोच १८ टक्के विरुद्ध २९ टक्के होतो. सामना लांबला की दैवाचा वाटा कमी होतो, एवढेच यामागचे कारण. "महिला टेनिस बेभरवशाचे आहे" असे म्हणणाऱ्यांनी आधी हे गणित करावे.

प्रश्न : क्रमवारी आणि एलो यांत फरक काय? घरी हिशेब करता येतो का? (नाशिक)

येतो, साध्या कॅल्क्युलेटरवर. क्रमवारी म्हणजे गेल्या ५२ आठवड्यांत जमा झालेले गुण. ग्रँड स्लॅम जिंकले की २०००, उपविजेत्याला १३००. खेळाडू कुणाला हरवून तिथे पोचला याच्याशी तिला देणेघेणे नाही, आणि दुखापतीने सहा महिने घरी बसलेला खेळाडू खेळ शाबूत असूनही खाली घसरतो. २०२३ ची विम्बल्डन विजेती मार्केता वोंद्रुसोव्हा तेव्हा ४२ वी होती, मानांकनही (ड्रॉमध्ये वरच्या खेळाडूंना दिलेला क्रमांक) नव्हते. पण मनगटाच्या शस्त्रक्रियेआधीची फ्रेंच ओपनची अंतिम फेरी (२०१९) आणि टोकियो ऑलिंपिकचे रौप्यपदक क्रमवारीत दिसत नव्हते. २०२२ च्या विम्बल्डनला तर गुणच दिले नव्हते. एलेना रिबाकिना विजेती झाली आणि क्रमवारीत तिच्या पदरी शून्य पडले.

एलो म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, तो सामन्यागणिक बदलतो. दोन खेळाडूंच्या एलोतला फरक १०० असेल तर वरचढ खेळाडूची शक्यता ६४ टक्के, २०० असेल तर ७६, ४०० असेल तर ९१. सामना झाला की नवा एलो = जुना एलो + गुणक × (निकाल − शक्यता). जिंकला तर निकाल १, हरला तर ०. गुणक ३२ धरला, तर ६४ टक्केवाला जिंकल्यावर साडेअकरा गुण मिळवतो आणि हरल्यावर साडेवीस गमावतो. अपेक्षित विजयाला कमी भाव, अनपेक्षित पराभवाला जबर दंड. क्रमवारीत ही सोय नाही.

एकच एलो वापरणे ही नेहमीची चूक. एक सर्व कोर्टांचा आणि एक त्या-त्या कोर्टाचा असे दोन ठेवा आणि सरासरी घ्या. समजा, 'अ'चा एकूण एलो २१०० आणि हिरवळीवरचा १९६०, 'ब'चे अनुक्रमे २००० आणि १९८०. नुसता एकूण पाहिला तर 'अ'ला ६४ टक्के. सरासरी काढली तर २०३० विरुद्ध १९९०, म्हणजे फक्त ५६. मात्र हिरवळीचा मोसम दोन महिन्यांचाही नसतो, त्यामुळे चार-पाच सामन्यांवर उभा असलेला हिरवळीचा एलो हलका धरा, निम्म्याऐवजी पाव वजन द्या. आणि हिशेब तीन सेटच्या सामन्यांचा असेल, तर पाच सेटसाठी वरचढ खेळाडूला थोडे वाढवून द्या. ६४ चे साधारण ६७ होतात.

प्रश्न : "ड्रॉ सोपा आहे" असे समालोचक म्हणतात. सोपेपणा मोजायचा कसा? (डोंबिवली)

आधी रचना पाहा. ३२ मानांकित असतात. पहिला आणि दुसरा दोन टोकांना, म्हणजे ते अंतिम फेरीआधी भेटत नाहीत. तिसरा-चौथा कुणाच्या अर्ध्या भागात जाणार ते चिठ्ठी ठरवते. पहिल्या आठ जणांना तिसऱ्या फेरीत २५ ते ३२ पैकी कुणी भेटू शकतो, पहिल्या चौघांना चौथ्या फेरीत १३ ते १६ पैकी, आणि उपांत्यपूर्व फेरीत ५ ते ८ पैकी. सगळे मानांकनाप्रमाणे जिंकत गेले तर.

आता प्रत्येक फेरीची शक्यता लिहा. उदाहरणार्थ ९५, ९२, ८८, ८२, ७८, ६८, ५८. गुणाकार १९ टक्के. ड्रॉ सोपा मिळून चौथ्या फेरीचे ८२ चे ८८ झाले आणि उपांत्यचे ६८ चे ७६, तर गुणाकार २३. दोन फेऱ्या सोप्या होऊन चार टक्के वाढले. टीव्हीवर होणाऱ्या गाजावाजाच्या मानाने हे फार नाही.

खरी गफलत पुढे होते. "उपांत्य फेरीत अमक्याशी गाठ" असे आपण गृहीत धरतो, पण तो अमका तिथे पोचेलच असे नाही. तो पोचण्याची शक्यता ४० टक्के असेल, त्याच्याविरुद्ध तुमच्या खेळाडूला ५५ आणि इतर कुणाविरुद्ध ८० असेल, तर ०.४ × ५५ + ०.६ × ८० = ७०. थेट ५५ लिहिणारा आपल्याच खेळाडूवर अन्याय करतो.

पहिल्या फेरीकडे दुर्लक्ष नको. बिगरमानांकित पण नुकताच दुखापतीतून परतलेला माजी अव्वल खेळाडू पहिल्याच दिवशी समोर येऊ शकतो, आणि पात्रता फेरीतून आलेले १६ जण त्याच प्रकारच्या कोर्टांवर तीन सामने जिंकून आलेले असतात.

प्रश्न : विम्बल्डनआधीच्या हिरवळीवरच्या स्पर्धांवर किती भरवसा ठेवावा? (बेळगाव)

थोडाच. २०२५ चे उदाहरण घ्या. कार्लोस अल्काराझने लंडनची क्वीन्स स्पर्धा जिंकली होती, यानिक सिनर हालेमध्ये दुसऱ्याच फेरीत अलेक्झांडर बुब्लिककडून हरला होता. शिवाय सिनर अल्काराझकडून सलग ५ सामने हरून आला होता. अंतिम फेरीत सिनर ४-६, ६-४, ६-४, ६-४ असा जिंकला. महिलांत उलटे घडले. इगा श्वियाँतेकला मातीची राणी म्हणून हिरवळीवर कुणी मोजत नव्हते, पण बाड होम्बुर्गमध्ये ती अंतिम फेरीपर्यंत पोचली होती आणि २०१८ मध्ये विम्बल्डनची मुलींची विजेतीही होती. चषक तिनेच नेला. सरावस्पर्धेतल्या पराभवाला कमी वजन द्या, कारण खेळाडू तिथे बेतानेच जोर लावतात. पण एरवी त्या कोर्टावर अडखळणारा खेळाडू अचानक चार-पाच सामने जिंकतो, तेव्हा लक्ष द्या.

हवामानाचेही पाहा. पॅरिसमध्ये उन्हात माती कोरडी असते आणि चेंडू उंच उसळतो. पावसाळी हवेत किंवा रात्रीच्या सत्रात तोच चेंडू जड होतो, खाली राहतो, आणि उंच फिरकीवर जगणाऱ्याची धार जाते.

प्रश्न : आमनेसामनेच्या आकड्यांना किती महत्त्व? (वसई)

कोर्टानुसार फोडले तरच. नदाल-फेडरर २४-१६ हे सगळ्यांना पाठ आहे. त्यातले मातीवरचे १४-२ वजा करा, उरलेल्यांत फेडरर १४-१० ने पुढे.

प्रश्न : पुण्यात बालेवाडीला स्पर्धा व्हायची तेव्हा अंदाज कधीच जुळले नाहीत. लहान स्पर्धा जास्त कठीण का? (पुणे)

महाराष्ट्र ओपन २०१८ ते २०२३ या काळात पाच वेळा झाली, २०२१ ला कोरोनामुळे नाही. जिल सिमाँ, केविन अँडरसन, यिरी वेसेली, जुआव सूझा आणि टॅलन ग्रीकस्पूर हे विजेते. अव्वल मानांकित म्हणून येऊन जिंकला तो एकटा अँडरसन, २०१९ मध्ये. कारणे उघड आहेत. ही २५० गुणांची स्पर्धा, २८ जणांचा ड्रॉ, सामने तीन सेटचे. पहिल्या चौघांना बाय (न खेळता दुसऱ्या फेरीत प्रवेश) मिळतो, म्हणजे चार सामने जिंकले की चषक, पण समोरचा मात्र एक सामना खेळून हात मोकळे करून आलेला असतो. २०१८, २०१९ आणि २०२३ मध्ये ती वर्षाच्या पहिल्या आठवड्यात होती, तेव्हा सुट्टीनंतर कोण कसा आलाय याचा पत्ता नसतो. बड्यांचे डोळे मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनकडे लागलेले असतात ते वेगळेच. त्यात एखादा बलाढ्य सर्व्हिसवाला आला की सेट ६-६ होऊन टायब्रेकमध्ये जातात. २०१९ ची अंतिम फेरी अँडरसन आणि ३९ वर्षांचा इव्हो कार्लोविच यांच्यात झाली आणि तिन्ही सेट टायब्रेकला गेले. अशा सामन्यात ५५ टक्क्यांवर बोलणे धाडसच.

प्रश्न : सिनरने पॅरिसमध्ये हातचा सामना घालवला. तो दडपणाखाली ढेपाळतो असे म्हणायचे का? (औरंगाबाद)

८ जून २०२५ चा तो फ्रेंच ओपनचा अंतिम सामना ५ तास २९ मिनिटे चालला. चौथ्या सेटमध्ये ५-३, सर्व्हिस अल्काराझची, ०-४० आणि सिनरकडे तीन मॅच पॉइंट. ते गेले, आणि शेवटी ४-६, ६-७, ६-४, ७-६, ७-६ असा अल्काराझ जिंकला. पण पूर्ण सामन्यातले गुण मोजले तर सिनर १९३, अल्काराझ १९२! हरणाऱ्याचा एक गुण जास्त. २०१९ च्या विम्बल्डनला रॉजर फेडररने २१८ गुण घेतले, नोव्हाक जोकोविचने २०४, चषक मात्र जोकोविचकडे गेला. टेनिसमध्ये सगळे गुण सारखे मोजले जात नाहीत. कोणता गुण कधी मिळाला यावर निकाल ठरतो.

तेव्हा निकालावर मत देण्याआधी तीन आकडे पाहा : एकूण गुण, दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेले गुण, आणि किती ब्रेक पॉइंटपैकी (समोरच्याची सर्व्हिस मोडण्याच्या संधी) किती साधले. पहिले दोन जवळजवळ सारखे आणि तिसऱ्यातच तफावत असेल, तर एका सामन्यावरून स्वभावाचा निवाडा करू नका. ती तफावत पुढच्या स्पर्धेत बहुधा टिकत नाही. पाच आठवड्यांनी विम्बल्डनला त्याच सिनरने त्याच अल्काराझला हरवलेच. अर्थात तिथेही दैव होतेच. चौथ्या फेरीत ग्रिगोर दिमित्रोव्ह दोन सेटनी पुढे होता, तिसऱ्यात २-२ असताना छातीचा स्नायू दुखावला आणि त्याला माघार घ्यावी लागली. "सिनरच जिंकणार" असे छातीठोक सांगणाऱ्यांनी त्या संध्याकाळी काय केले असेल, देव जाणे.

याउलट त्याच विम्बल्डनच्या महिलांच्या अंतिम फेरीत श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोव्हाला ५७ मिनिटांत ६-०, ६-० हरवले. अशा निकालात शंकेला जागा नसते, विजेतीचा आकडा बेलाशक वाढवा. हरलेल्या खेळाडूला मात्र मोडीत काढू नका. अनिसिमोव्हा पुढच्याच ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत होती.

प्रश्न : सट्टेबाजांचे भाव पाहून अंदाज बांधला तर? (गोवा)

भाव ही माहिती आहे, एवढ्यापुरतेच पाहा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर बंदी आली आहे, त्या वाटेला जाऊच नका. वाचायची रीत अशी : १.८० आणि २.०५ असे भाव असतील तर १ भागिले भाव, म्हणजे ५५.६ आणि ४८.८. बेरीज १०४.४. वरचे ४.४ हे दुकानदाराचे कमिशन. दोन्ही आकड्यांना बेरजेने भागून १०० ने गुणा, खरी शक्यता ५३ आणि ४७ येते.

प्रश्न : सोसायटीत बिनपैशाची अंदाजस्पर्धा घ्यायची आहे. गुण कसे द्यावेत? (ठाणे)

पहिल्या फेरीच्या अचूक अंदाजाला १, मग २, ४, ८, १६, ३२, ६४ ही पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात प्रत्येक फेरीचे मिळून ६४ गुण होतात, पण एकट्या विजेत्याच्या नावावर सगळी स्पर्धा फिरते. १, २, ३, ५, ८, १३, २१ जास्त बरी. जाणकार मंडळी असतील तर टक्के लिहून घ्या : (दिलेली शक्यता − निकाल) चा वर्ग, ज्याची बेरीज कमी तो पुढे. ७० टक्के दिलेला जिंकला तर ०.०९, हरला तर ०.४९. ९५ देऊन हरला तर ०.९०, मग फुशारकी आपोआप कमी होते.

भांडणे तीन ठिकाणी होतात, ती आधीच मिटवा. पहिल्या दिवसाचा पहिला चेंडू पडण्याआधी कागद बंद. सामना सुरू झाल्यावर कुणी माघार घेतली तर तो निकाल धरायचा. सामना सुरूच न होता पुढे चाल मिळाली तर धरायचा नाही, व्यावसायिक टेनिसच्या आमनेसामनेच्या नोंदीतही तो धरत नाहीत. आणि ड्रॉ लागल्यावर कुणी आजारी पडून त्याच्या जागी पात्रता फेरीत हरलेला 'लकी लूजर' आला, तर त्या एका सामन्याचा अंदाज पहिल्या चेंडूपर्यंत बदलू द्या.